खर्चगट मोजणीसाठी आहेत, पसंतीसाठी नाहीत

दक्षिण आफ्रिकेने 2004 पासून सार्वजनिक विद्यापीठांच्या अनुदानाची नवी पद्धत लागू केली, तेव्हा सगळे विषय चार गटांत बसवले. पदवीच्या पातळीवर या गटांचे भारांक, म्हणजे सर्वांत स्वस्त गटाच्या किती पट अनुदान दर विद्यार्थ्यामागे मिळेल ते आकडे, 1, 1.5, 2.5 आणि 3.5 असे ठरले. नाट्य, संगीत, चित्रकला या विषयांना जागा मिळाली ती 3.5 च्या गटात, म्हणजे आरोग्यविज्ञान आणि भौतिक विज्ञानांच्या पंगतीला. इंग्लंडमध्ये 2021-22 साली याच विषयांना मिळणारं जादा खर्चाचं अनुदान दर विद्यार्थ्यामागे 243 पौंडांवरून 121.50 पौंडांवर आणलं गेलं. तिथे कुणी संगीत शिकवण्याचा खर्च मोजून तो निम्मा झाल्याचं दाखवलं नव्हतं. आरोग्यसेवेला आणि विज्ञान-तंत्रज्ञानाला लागणारे अभ्यासक्रम शासनाच्या अग्रक्रमात वर सरकले आणि कलाविषय खाली गेले, एवढंच घडलं. वाद्य शिकवायला मात्र आदल्या वर्षीइतकेच शिक्षक, तितक्याच खोल्या आणि तितकेच तास लागत होते.

अभ्यासक्रमांचे खर्चानुसार गट पाडणं हे मोजणीचं काम आहे. कोणता अभ्यासक्रम समाजाला जास्त हवा, हे ठरवणं राजकीय काम आहे. दोन्ही कामं शासनाची आहेत आणि दोन्ही टाळता येणार नाहीत. पण ती एकाच आकड्यात कोंबली की तो आकडा कशाचंच उत्तर देत नाही. भारांकाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: हा विषय नीट शिकवायला काय लागतं? माझा सगळा आग्रह या प्रश्नापुरता आहे, आणि त्यातल्या ‘नीट’ या शब्दावर माझा जास्त भर आहे.

गट पाडावेच कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. शासनाने विद्यार्थी मोजावेत आणि दरडोई सारखी रक्कम द्यावी, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला वीस जणांच्या वर बॅच घेता येत नाही. एका टेबलाशी किती जणांनी ॲसिड हाताळायचं याला सुरक्षिततेची मर्यादा असते. बॅच संपल्यावर काचसामान धुणारा, रसायनं भरून ठेवणारा साहाय्यक लागतो, धूर खेचून घेणारी यंत्रणा चालू ठेवावी लागते, वापरलेली द्रावणं मोरीत ओतून चालत नाहीत. त्याच वेळी शेजारच्या इमारतीत अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक दोनशे मुलांसमोर व्याख्यान देऊ शकतो. दोघांना सारखी रक्कम दिली तर काही वर्षांत संस्था काय करेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. व्याख्यानाने भागणाऱ्या अभ्यासक्रमांच्या तुकड्या वाढतील आणि प्रयोगशाळेला हळूहळू कुलूप लागेल. उलट टोकाला, जेवढा खर्च झाला तेवढा भरून द्यायचा म्हटलं तर काटकसर करणाऱ्याचं नुकसान आणि उधळणाऱ्याचा फायदा. खर्चगट हा या दोन टोकांमधला मार्ग आहे. सारखा खर्च येणारे विषय एकत्र करायचे, गटाला एक दर ठरवायचा, आणि त्या दरात कसं भागवायचं हे संस्थेवर सोडायचं.

हा मार्ग जगात बऱ्याच ठिकाणी रुळलेला आहे. नेदरलँड्सने 1, 1.5 आणि 3 असे तीन दर ठेवले. इंग्लंडमध्ये चार गट होते: रुग्णालयात शिकवले जाणारे वैद्यकीय विषय, प्रयोगशाळेचे विषय, थोडं प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रभेट असलेले विषय आणि निव्वळ वर्गातले विषय. 1998-99 पासून त्यांचे भारांक 4.5, 2, 1.5 आणि 1 होते, 2004-05 पासून ते 4, 1.7, 1.3 आणि 1 झाले. एकाच देशात सहा वर्षांत प्रयोगशाळेचा भारांक 2 वरून 1.7 वर आला, तो का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

खर्चाची मोजणी बहुतेक ठिकाणी मागच्या खर्चावरून होते. संस्थांनी गेल्या काही वर्षांत कोणत्या विभागावर किती खर्च केला याचे आकडे गोळा करायचे, सरासरी काढायची, सर्वांत स्वस्त गटाला 1 धरायचं आणि बाकीच्यांचं प्रमाण मांडायचं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा तक्ता असाच बनतो. कला शाखेच्या पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 1 आणि तिथून वर प्रत्येक विद्याशाखा आणि प्रत्येक पातळी. वरवर पाहता यापेक्षा वस्तुनिष्ठ काय असणार? आकडे प्रत्यक्ष हिशोबातले आहेत, कुणाच्या मनातले नाहीत.

अडचण अशी की विभागाने खर्च केला तो त्याला जेवढे पैसे मिळाले तेवढाच. हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1980 साली हा मुद्दा स्पष्ट मांडला होता: उच्च शिक्षणसंस्था मिळेल तेवढा पैसा उभा करतात आणि उभा केलेला सगळा खर्च करतात, त्यामुळे खर्च गरजेतून ठरत नाही, उत्पन्नातून ठरतो. हे खरं असेल, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प जवळून पाहिलेल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही, तर मागच्या खर्चावरून भारांक काढणं म्हणजे जुन्या अनुदानावरूनच नवं अनुदान काढणं. खर्च कमी म्हणून भारांक कमी, भारांक कमी म्हणून अनुदान कमी, अनुदान कमी म्हणून पुढच्या वेळी खर्च आणखी कमी. उपाशी ठेवलेला विषय हिशोबात स्वस्त दिसतो.

इंग्लंडमध्ये 2004 च्या नोव्हेंबरात एक्झिटर विद्यापीठाने रसायनशास्त्र विभाग बंद करायचं ठरवलं आणि मोठा गदारोळ झाला. संशोधनाच्या अनुदानातली घट हे त्यामागचं एक मोठं कारण होतं, तेव्हा सगळा दोष शिकवण्याच्या भारांकावर टाकणं बरोबर नाही. पण 1.7 या दरात रसायनशास्त्र शिकवून भागत नाही, अशी तक्रार त्या काळात अनेक विभागांची होती. पुढे 2006 साली निधी वाटणाऱ्या परिषदेने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी अशा मोजक्या विषयांसाठी तीन वर्षांचे 7.5 कोटी पौंड वेगळे काढले. याचा अर्थ सरळ आहे. एका गटात बसवलेल्या विषयांमध्येच खर्चाची मोठी तफावत होती, सरासरीने ती झाकली गेली, आणि सरासरीच्या वर असलेले विषय तोट्यात गेले.

मोजणीत आणखी एक पेच असतो आणि तो हिशोबनिसाच्या टेबलावरच सुटतो किंवा बिघडतो. प्राध्यापकाचा पगार एकच असतो, पण तो शिकवतो, संशोधन करतो, समित्यांवर बसतो. त्यातला किती वाटा पदवीच्या अध्यापनाचा? इंग्लंडमधल्या विद्यापीठांत यासाठी प्राध्यापकांकडून वेळेची विभागणी भरून घेतात. दुपारी पदवीच्या मुलांनी वापरलेली प्रयोगशाळा संध्याकाळी संशोधक विद्यार्थी वापरतात. तिथल्या विजेचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं? या प्रश्नांना कोणतंही एकमेव बरोबर उत्तर नाही, संकेत ठरवावे लागतात. म्हणून मागच्या खर्चाचे आकडे ‘प्रत्यक्ष’ आहेत या युक्तिवादाला मी फार वजन देत नाही. त्यांतही कुणीतरी घेतलेले निर्णय आहेतच, फक्त ते तक्त्याच्या पोटात दडलेले आहेत.

विषयाविषयांत खर्च वेगळा का पडतो, याचा शोध अमेरिकेतल्या विभागवार आकडेवारीवरून घेतला गेला आहे. डेलावेअर विद्यापीठाने 1990 च्या दशकापासून अनेक संस्थांकडून असे आकडे जमवले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात विद्युत अभियांत्रिकी शिकवण्याचा खर्च इंग्रजी विषयापेक्षा सुमारे 90 टक्के जास्त निघाला. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पण गणित मात्र इंग्रजीपेक्षा स्वस्त निघालं. दोन्ही विषय खडू-फळ्याचे, मग फरक कुठून आला? मुख्यतः वर्ग किती मोठा आणि शिक्षकाचा पगार किती, या दोन गोष्टींतून. उपकरणांचा आणि साहित्याचा वाटा लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो.

या निष्कर्षाकडे मी पुन्हा पुन्हा येतो, कारण वर्ग किती मोठा ठेवायचा हे विषय ठरवत नाही, पैसा ठरवतो. भाषेच्या पदवीचा एक वर्ग घ्या, 120 विद्यार्थ्यांचा. लिहायला शिकवणं हे या पदवीचं मुख्य काम. त्यासाठी वर्षभरात प्रत्येकाकडून निदान चार निबंध लिहून घ्यायला हवेत आणि ते नुसते गुण देऊन परत करून उपयोगाचं नाही. कुठे युक्तिवाद तुटला, कुठला पुरावा कमी पडला, कुठलं वाक्य दोन वेळा वाचावं लागलं, हे समासात लिहून द्यायला हवं. एका निबंधाला वीस मिनिटं धरली तर 480 निबंधांचे 160 तास होतात. आता शेजारच्या प्रयोगशाळेत तेवढेच 120 विद्यार्थी असले तर वीसच्या सहा बॅचेस, आठवड्याला तीन तास, वर्षाचे पंचवीस आठवडे, म्हणजे 450 तास. प्रयोगशाळा महाग आहे हे मान्यच. पण भाषेच्या वर्गाचे ते 160 तास हिशोबात येतात का? शिक्षक कमी आहेत म्हणून निबंध लिहूनच घेतले जात नसतील, तर खर्चाच्या तक्त्यात त्या जागी शून्य पडतं. मग तक्ता सांगतो की भाषा हा स्वस्त विषय आहे. प्रयोगशाळेत एका बॅचमध्ये ऐंशी मुलं कोंबली तर कुणाचा तरी हात भाजेल आणि सगळ्यांना कळेल. निबंध तपासले गेले नाहीत तर कुणालाच काही दिसत नाही. मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, चार परिच्छेद सलग लिहिता येत नाहीत, आणि त्याचा दोष मुलांवर जातो.

म्हणून भारांक ठरवताना सुरुवात गरजेपासून व्हावी असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येक विषयासाठी आधी लिहून काढावं की बॅच किती मोठी असावी, आठवड्याला किती तासिका, किती प्रात्यक्षिकं, किती लेखन तपासून परत द्यायचं, साहाय्यक किती, उपकरण किती वर्षांनी बदलायचं, क्षेत्रभेटीचे दिवस किती. भूशास्त्राचा विद्यार्थी डोंगरात न जाता पदवीधर होऊ शकत नाही आणि परिचर्येचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी उभा न राहता. या यादीला पगार आणि किमती लावल्या की खर्च निघतो, आणि खर्चांची प्रमाणं म्हणजे भारांक. मागच्या खर्चाचे आकडे फेकून द्यायचे नाहीत, ते पडताळणीसाठी ठेवायचे. गरजेप्रमाणे निघालेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांत जिथे मोठं अंतर दिसेल, तिथे काय चाललंय ते पाहायचं. एक तर मागणी फुगवलेली असेल, नाहीतर विद्यार्थ्यांना काहीतरी मिळायचं राहत असेल.

यावर येणारा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. प्रत्येक विषयाचे लोक आपली गरज वाढवूनच सांगतील. इतिहासवाले पाच जणांच्या चर्चागटाची मागणी करतील, भौतिकशास्त्रवाले सर्वांत महागड्या यंत्राची. हा धोका आहेच. पण त्याला तोंड देण्याचे मार्ग ठाऊक आहेत. विषयाचे निकष त्या विषयाबाहेरच्या शिक्षकांनीही तपासावेत, सगळ्या विषयांचे निकष एकाच वेळी शेजारी शेजारी मांडून जाहीर करावेत, आणि एकूण रक्कम आधीच ठरलेली असल्याने एकाने वाढवलं की दुसऱ्याचं कमी होतं हे सर्वांना दिसू द्यावं. इतिहासाच्या शिक्षकाला आपला चर्चागट पाचचा का, याचं उत्तर गणिताच्या शिक्षकासमोर द्यावं लागलं तर आकडा आपोआप जमिनीवर येतो. आणि मागच्या खर्चावर आधारलेल्या पद्धतीतही फुगवटा असतोच. ज्यांच्याकडे आधीपासून पैसा होता त्यांचा तो फुगवटा असतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

निकषही शिळे होतात. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 1967 साली बसवलेले अभ्यासक्रमांचे भारांक अनेक दशकं जवळपास तसेच चालत राहिले. त्या काळात संगणकशास्त्र हा विषय कुठच्या कुठे गेला, जीवशास्त्राची प्रयोगशाळा ओळखू येणार नाही इतकी बदलली. ठरावीक वर्षांनी सगळा तक्ता पुन्हा उघडायचा, हे नियमातच लिहिलेलं असावं. नाहीतर ज्यांना जुना तक्ता सोयीचा, ते तो उघडू देत नाहीत.

गटांच्या सीमारेषांवर भांडणं होणारच, त्यांवर फार शाई खर्च करावी असं मला वाटत नाही. मानसशास्त्र हे नेहमीचं उदाहरण. दक्षिण आफ्रिकेने ते सर्वांत स्वस्त गटात टाकलं, पण प्रयोग आणि उपकरणं वापरणारा मानसशास्त्र विभाग त्या दरात कसा चालेल? इथे टेक्सासच्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे विद्यार्थ्याच्या पदवीचं नाव पाहत नाहीत, तो ज्या विषयाचे श्रेयांक घेतो त्या विषयाचा भारांक लावतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानाचा पेपर घेतला तर त्या तासांचा दर तत्त्वज्ञानाचा. पदवीला नवं भारदस्त नाव देऊन वरच्या गटात शिरण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद होते.

आता पसंतीचा भाग. शासनाला पसंती असू नये असं मी म्हणत नाही. परिचारिका कमी पडत असतील, गणिताचे शिक्षक मिळत नसतील, तर त्या अभ्यासक्रमांना उत्तेजन देणं शासनाचं कर्तव्यच आहे. प्रश्न ते कुठून द्यायचं हा आहे. ऑस्ट्रेलियाचा अनुभव याबाबतीत फार बोलका आहे. तिथे 1990 च्या सुमारास विषयांचे पाच गट पाडले गेले, भारांक 1 पासून 2.7 पर्यंत. ही खर्चाची मोजणी होती. खर्चातला विद्यार्थ्याचा वाटा, म्हणजे त्याचं शुल्क, 1989 साली सर्वांना सारखा होता. 1997 पासून तो तीन पट्ट्यांत विभागला गेला आणि कायदा हा शिकवायला स्वस्त विषय सर्वांत महाग पट्टीत गेला, कारण वकील पुढे चांगलं कमावतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या पट्टीत खर्च आणि भावी कमाई यांची सरमिसळ झाली. 2021 साली तिसरी गोष्ट मिसळली, ती म्हणजे नोकरीच्या बाजाराबद्दलचा शासनाचा अंदाज. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याचा वार्षिक वाटा सुमारे 6,800 डॉलरवरून 14,500 डॉलरवर नेला गेला आणि शासनाचा वाटा उरला 1,100 डॉलर. परिचर्या, अध्यापन, गणित, शेती यांचा विद्यार्थ्याचा वाटा 3,950 डॉलरवर आणला गेला.

उद्देश असा की मुलांनी ‘उपयोगी’ विषयांकडे वळावं. पण तिथे शुल्क कर्जाच्या रूपात असतं, पुढे कमाई एका मर्यादेच्या वर गेल्यावरच ते फेडायचं असतं. अठराव्या वर्षी मुलगी इतिहास घेते की गणित, हे अशा लांबच्या आकड्यावर फारसं ठरत नाही. विद्यापीठांवर मात्र आकड्यांचा परिणाम लगेच होतो, आणि तिथेच मोठी विसंगती होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा वाटा कमी केला, पण शासनाने ती तूट भरली नाही, त्यामुळे एका विद्यार्थ्यामागे विद्यापीठाला मिळणारी एकूण रक्कम सुमारे 16 टक्क्यांनी घटली. अभियंते जास्त हवेत म्हणून आणलेल्या पद्धतीत अभियंता घडवणं विद्यापीठाला आधीपेक्षा तोट्याचं झालं. 2024 साली उच्च शिक्षणाचा सर्वांगीण आढावा घेणाऱ्या समितीच्या अहवालाने ही रचना तातडीने सुधारायला हवी असं म्हटलं. तोवर मानव्यविद्यांचे विद्यार्थी मोठं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडत होते, आणि त्यांच्या शिक्षणाच्या खर्चाचा नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा त्यांचाच होता.

इथे काय चुकलं? शासनाची पसंती चुकीची होती असं मी म्हणणार नाही, परिचारिका खरंच हव्या असतील. चूक ही की पसंती खर्चाच्या तक्त्यात घुसवली गेली आणि मग तक्त्याला खर्च सांगता येईना. कोणत्या विषयाला किती पुरतं हे पाहायचं साधनच हातातून गेलं. नेदरलँड्समध्ये 2019 साली एका सरकारी समितीने एकूण निधी न वाढवता मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि वैद्यकीय शाखांकडून तांत्रिक विषयांकडे पैसा वळवण्याची शिफारस केली आणि प्राध्यापक रस्त्यावर उतरले. तंत्रशिक्षणाची अडचण खरी होती. पण कुणाच्या ताटातून घ्यायचं हा प्रश्न भारांकाच्या दुरुस्तीसारखा मांडला गेल्यावर दुसऱ्या शाखांना तो हिशोब आपल्याविरुद्धचा निवाडा वाटणार, हे उघड होतं.

माझं म्हणणं असं की पसंतीसाठी वेगळं लेखाशीर्ष असावं. परिचर्येच्या प्रत्येक जादा जागेसाठी अमुक इतकी रक्कम, पाच वर्षांसाठी, अशा शब्दांत. गणिताच्या भावी शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती. लहान पण टिकवण्याजोग्या विभागांसाठी, जिथे विषयात बाराच विद्यार्थी असल्याने दरडोई रक्कम कधीच पुरत नाही, एक ठोक रक्कम. आणि विद्यार्थ्याचं शुल्क या भारांकांना बांधूच नये. दंतवैद्यकाचा भारांक मोठा आहे तो खुर्ची आणि उपकरणं महाग आहेत म्हणून. त्याचं बिल गरीब घरातल्या मुलाला पाठवलं तर दंतवैद्य फक्त सधन घरांतूनच येतील.

यावर विद्यापीठांतल्याच जाणत्या लोकांची एक भीती असते, आणि ती निराधार नाही. भारांकात दडलेला पैसा सुरक्षित असतो, वेगळं लेखाशीर्ष पहिल्या तंगीत कापलं जातं. हे मला मान्य आहे. परिचर्येसाठीची जादा रक्कम एखाद्या वर्षी जाईलही. पण इंग्लंडमधल्या संगीत विभागांचं जे झालं ते भारांकाच्या आतच झालं, आणि तिथे विद्यापीठांना आपली बाजू मांडणं जास्त अवघड गेलं, कारण समोरून खर्चाची भाषा बोलली जात होती आणि निर्णय पसंतीचा होता. पसंती वेगळ्या ओळीत लिहिलेली असेल तर कपात करणाऱ्या मंत्र्याला विधिमंडळात उभं राहून सांगावं लागेल की या वर्षी परिचारिकांसाठी, किंवा संगीतासाठी, आम्ही कमी पैसे देत आहोत. विभागाला त्यावर आकडे घेऊन भांडता येईल, आणि विषय शिकवण्याचा मूळ दर त्या भांडणात जागचा हलणार नाही.